बालवाडीच्या बाईंचं स्मरणपुस्तक कसं करावं

माझी आई बालवाडीच्या बाई होती. भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळापासून पाच मिनिटांवर, एका वाड्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचा वर्ग भरायचा. मीही त्याच वर्गात बसले. वर्गात 'आई' म्हणायचं नाही, 'बाई' म्हणायचं, असा तिचा नियम होता. साडेअकराला शाळा सुटली, मी उंबरा ओलांडला, की ती पुन्हा माझी आई व्हायची. गेल्या वर्षी ज्येष्ठात ती गेली. यंदा वर्षश्राद्धाला आम्ही तिच्यावर चौसष्ट पानांचं छोटं पुस्तक केलं. ते करताना काही गोष्टी हातून निसटल्या, त्या कायमच्याच. तुमच्या घरातल्या किंवा वस्तीतल्या बाईंसाठी असं काही करायचं तुमच्या मनात असेल, तर तुमच्या त्या निसटू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक अडचण नीट समजून घ्या. हायस्कूलच्या सरांवर पुस्तक करायचं तर माजी विद्यार्थ्यांना फोन लावले की निम्मं काम होतं. बालवाडीच्या बाईंचं तसं नसतं. मोठ्या माणसाला आठवणारी अगदी पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, आणि त्यापुढची दोन-तीन वर्षंही तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. म्हणजे बाईंनी ज्यांच्यासाठी सगळं केलं, त्यांनाच बाई आठवत नाहीत. आम्ही पहिले वीसेक फोन तिच्या विद्यार्थ्यांना लावले. "बाई फार प्रेमळ होत्या." "गाणी म्हणायच्या ना?" याच्यापुढे कुणाचं जाईना. अडतीस वर्षं शिकवलं आणि हाताशी एवढंच लागलं, म्हणून मी त्या रात्री रडले.

मग एके दिवशी टिंबर मार्केटमध्ये एका सुताराकडे गेले. वय पन्नाशीच्या आसपास, आईच्या अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी. "ताई, खरं सांगू का, मला काहीच नाही आठवत," असं ते म्हणत होते आणि म्हणता म्हणता हत्यारांखालचं जाड कापड आवरत होते. टोकाला टोक लावलं, दोन्ही बाजू पोटात घेतल्या, गुंडाळी केली, आणि तिच्यावर हलकेच तीन थापट्या मारून ती भिंतीशी ठेवली. ती आईची सतरंजीची घडी होती. "टोकाला टोक, पोटात घडी, आता तिला थोपटून झोपवा," असं ती रोज शाळा सुटताना म्हणायची. मी त्यांना हे सांगितलं तर ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "मला वाटायचं आमच्या घरात सगळे असंच करतात."

त्या दिवशी आमचे प्रश्न बदलले, आणि पुस्तक खरं तिथून सुरू झालं.

कुणाला विचारायचं

विद्यार्थ्यांआधी दारात उभ्या राहणाऱ्या माणसांना गाठा. पोरांना सोडायला येणाऱ्या आया, आणि आयांपेक्षाही आज्या. शाळेतल्या मावशी. समोर पेरू-चन्याची गाडी लावणारा. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, ज्यांना रोज सकाळी तीच गाणी ऐकू यायची. देवळातले विणेकरी. तिच्या भिशीतल्या बायका. या माणसांनी बाईंना मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यांना सगळं आठवतं.

यादी केलीत की ती वयानं लावा आणि सर्वांत म्हातारं माणूस पहिलं घ्या. आम्ही सोयीनं लावली, जवळचे आधी आणि लांबचे नंतर. शाळेतल्या मावशी मुलीकडे सासवडला होत्या. "दिवाळीनंतर निवांत जाऊ" असं म्हणत राहिलो आणि दिवाळीच्या आधीच त्या गेल्या. बावीस वर्षं त्या दोघी एका खोलीत होत्या. कोणतं पोर कुठल्या घरातून उपाशी यायचं, हे फक्त त्या दोघींनाच माहीत होतं. पुस्तकात मावशींचं पान आहे, पण त्यात त्यांचा शब्द नाही. माझ्या मनातून हे जात नाही, म्हणून पुन्हा सांगते: सर्वांत म्हातारं माणूस याच आठवड्यात गाठा.

सुतकाचे दिवस वाया जाऊ देऊ नका. ऐकायला निर्दय वाटेल, पण भेटायला आलेली माणसं तेव्हा जे बोलतात ते पुन्हा कधी बोलत नाहीत. दाराजवळ एक वही आणि पेन ठेवा. घरातलं कुणी तरी एक जण, शक्यतो सून किंवा जावई, रोज रात्री बसून त्या दिवशी कोण काय म्हणालं ते चार ओळींत टिपेल असं बघा. सख्ख्या लेकीला त्या दिवसांत ते जमत नाही. आमच्याकडे माझ्या वहिनीनं टिपलं, आणि पुस्तकातली सर्वांत जिवंत सहा पानं त्या वहीतून आली.

कसं विचारायचं

"बाई कशा होत्या?" हा प्रश्न विचारूच नका. त्याला एकच उत्तर मिळतं. हातांबद्दल विचारा, खाण्याबद्दल, जागेबद्दल. चप्पल कुठे काढायचात? डबा उघडेना तर कुणाकडे द्यायचात? पोर रडायला लागलं की बाई उचलून घ्यायच्या, की शेजारी बसायच्या? तुमच्या मुलाला घरी आल्यावर कोणती नवी खोड लागली होती? हा शेवटचा प्रश्न आजीला विचारला की आजी तासभर बोलते. एका आजींनी सांगितलं, त्यांचा नातू घरी आल्यावर जेवणाआधी सगळ्यांचे हात तपासायचा, आजोबांचेसुद्धा. दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं की त्यांचा मुलगा डावखुरा, घरात सगळे त्याच्या हातावर मारायचे. आईनं त्यांना शाळेत बोलावलं आणि मुलाच्या डाव्या हातातल्या पेन्सिलीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "हा हात त्याचाच आहे ना?"

विद्यार्थ्यांना बोलवायचंच असेल तर बोलायला नको, काहीतरी करायला बोलवा. आम्ही पाच-सहा जणांना घरी बोलावून तिचे मणी आणि दोरा समोर ठेवला. ओवता ओवता दोघांना गाण्याचा सूर आठवला. शब्द नाही, सूरच. तोही ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे.

ध्वनिमुद्रणासाठी घरातला फोन पुरतो. पंखा बंद करा. फोन टेबलावर नुसता न ठेवता घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवा, म्हणजे टेबलाची खडखड त्यात येत नाही. घरी आल्याबरोबर फाइलला माणसाचं नाव आणि तारीख द्या आणि ती दुसऱ्या एका जागी उतरवून ठेवा. भावानं दोन मुलाखती नाव न देता ठेवल्या होत्या. त्यातला एक आवाज कुणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

तारखांसाठी वेगळी युक्ती लागते. "कधी?" म्हटलं की माणसं गोंधळतात. पण "पानशेतच्या आधी की नंतर?" म्हटलं की पुण्यातलं म्हातारं माणूस ताबडतोब सांगतं. पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तो १२ जुलै १९६१ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. मग बहात्तरचा दुष्काळ. इंदिराबाई गेल्या ३१ ऑक्टोबर १९८४ला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा. गणपती दूध प्यायले तो दिवस २१ सप्टेंबर १९९५, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. हा कागद आम्ही प्रत्येक मुलाखतीला बरोबर न्यायचो. "पोलिओच्या पहिल्या दिवशी बाई बूथवर बसल्या होत्या, तेव्हा माझी धाकटी कडेवर होती," असं एकीनं सांगितलं आणि त्यावरून आम्हाला चार वर्षांच्या तुकड्या लावता आल्या.

पानशेतचाच एक किस्सा सांगते. आईचं माहेर नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. पुरात घर गेलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सगळे एका शाळेत आसऱ्याला राहिले होते. मामानं सांगितलं की तिथे तिनं वर्गातल्या फरशीवर लहान पोरांना गोल बसवलं आणि खडूच्या तुकड्यानं जमिनीवर चित्रं काढून त्यांना दिवसभर गुंतवून ठेवलं. हे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. पण माझी मावशी, म्हणजे आईची सख्खी बहीण, म्हणते की हे पुराच्या वेळचं नाही, नंतर गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहायला गेल्यावरचं आहे. दोघंही शपथेवर सांगतात. अशा वेळी गोड वाटेल ते निवडू नका. आम्ही दोघांचं म्हणणं दोघांच्या नावानं छापलं.

ट्रंक, अल्बम आणि कॅसेट

बाईंची पेटी उघडाल तेव्हा एकट्यानं उघडू नका आणि आवरायला म्हणून उघडू नका. उघडलीत की आधी जशी आहे तशी तिचे फोटो काढा. कुठल्या वस्तूशेजारी कोणती होती, यालाही अर्थ असतो. आईच्या ट्रंकेत दुधाच्या पावडरचे सात डबे होते: चिंचोके, सागरगोटे, शिंपले, रिठे, बाटल्यांची बुचं, वाळलेल्या शेंगा, आणि सातव्यात रंधा मारलेले लाकडी ठोकळे. गुंजा नव्हत्या. दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्या विषारी असतात, म्हणून ती वर्गात येऊ द्यायची नाही.

हे डबे म्हणजे अडगळ नव्हे. आई ट्रेनिंगला असताना त्यांच्या तुकडीची सहल कोसबाडला गेली होती. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यातल्या बोर्डीला, खेड्यातल्या मुलांसाठी काम मांडलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. तेच काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली, तेव्हा तोच शब्द देशभर गेला. आईच्या डब्यांमागे एवढं सगळं होतं. तुमच्या बाईंच्या पेटीतही असं काही सापडेल. ते कुठून आलं हे शोधा आणि पुस्तकात एक परिच्छेद त्याला द्या. एकच. जास्त लिहिलंत तर बाई बाजूला पडतात.

ठोकळे माझ्या वडिलांनी केलेले. ते खडकीला कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी टिंबर मार्केटमधून वाया गेलेले तुकडे आणायचे, कापायचे, आणि पोरांच्या बोटात कूस जाऊ नये म्हणून पॉलिशपेपरनं तासतास घासायचे. स्मरणपुस्तकांत नवऱ्याचा उल्लेख "त्यांची मोलाची साथ लाभली" एवढ्यावर संपतो. तुम्ही तसं करू नका. साथ म्हणजे नेमकं काय केलं, ते लिहा.

फोटोंचं थोडं काळजीनं करा. १९८०-९०च्या काळातले चिकट पानांचे अल्बम घरोघरी आहेत. त्यातला फोटो ओढून काढलात तर फाटतो. दात साफ करायचा बारीक धागा, डेंटल फ्लॉस, फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवा. तरीही सुटत नसेल तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. जुना छोटा फोटो पुस्तकात मोठा करायचा असेल तर ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला सहाशे ठिपके) स्कॅन करून घ्या. आहे त्याच आकारात छापायचा तर ३०० पुरतात. कुणी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणार असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो बारीक होऊन येतो आणि छापल्यावर धुरकट दिसतो. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका. पुढे उमटतं, शाईही पसरते. मऊ शिसपेन्सिल घ्या. मूळ फोटो लॅमिनेट तर कधीच करू नका, एकदा केलं की परत काढता येत नाही. वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी पडून ठिसूळ होतात, त्यांची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि अस्सल कात्रण फोटोंपासून वेगळं ठेवा.

एक कॅसेट सापडली, साठ मिनिटांची. वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे टवके आधी मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. मग वाजवण्याआधी ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून असलेली फीत एकमेकीला चिकटलेली असते. आमच्या कॅसेटमध्ये स्नेहसंमेलनाची गाणी होती, आणि दोन गाण्यांच्या मध्ये आईचा आवाज: "रांगेत नाही, गोलात. गोलात सगळे पहिले असतात."

हजेरीपट मात्र मिळाले नाहीत. ज्या संस्थेची बालवाडी होती, त्या संस्थेनं कार्यालयाची जागा बदलताना सगळी जुनी कागदपत्रं रद्दीत दिली. अडतीस वर्षांची मुलांची नावं. तुमच्या बाई अजून नोकरीत असतील किंवा नुकत्याच निवृत्त झाल्या असतील, तर आजच जाऊन परवानगीनं त्या पानांचे फोटो काढून आणा.

तिच्या विठोबाबद्दल

भक्तीवर लिहिणं सर्वांत अवघड गेलं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, "आई अत्यंत धार्मिक वृत्तीची होती." भावानं वाचून विचारलं, "ही कोण?" त्याचं बरोबर होतं. धार्मिक वृत्ती कुणालाच दिसत नाही. पहाटे साडेचारला उठून, अंधारातच, दिवा न लावता हरिपाठ म्हणणारी बाई दिसते. दिवा का नाही? आम्ही दोघं त्याच खोलीत झोपायचो, म्हणून. हे लिहिलं की बाकी काही लिहावं लागत नाही.

ज्येष्ठात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असतात. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आणि शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. त्यामुळे आईच्या वर्षातला सर्वांत धामधुमीचा काळ एकदमच यायचा. सकाळी नवीन पोरांचं रडणं, दुपारनंतर वारकरी. बालवाडीच्या दोन खोल्या त्या दोन रात्री वारकरी बायकांना झोपायला उघड्या असत. पोरांच्या आया भाकऱ्या करून आणत, आई पिठलं टाकी. कोमट पाण्याच्या घमेल्यात ती एकेकीचे पाय धुऊन भेगांना तेल लावायची. त्याच सतरंज्या, ज्यांच्यावर सकाळी पोरं बसलेली असत. मंगळवेढ्याकडच्या एक वारकरी आजी मला यंदा म्हणाल्या, "तुझ्या आईनं आमाला पन तसंच थोपटलं गं, पोरांवानी."

गळ्यात तुळशीची माळ होती, पण वर्गात तिनं देवाचं कधी शिकवलं नाही. तिच्या वर्गात सगळ्या धर्मांची पोरं होती, आणि प्रार्थना अशी निवडलेली होती की कुणाच्याही आईला ती आपली वाटावी. समोरच्या गल्लीतल्या एक मुस्लीम आजी दरवर्षी ईदला शीरखुर्मा पाठवायच्या. एका वर्षी बकरी ईद नेमकी एकादशीला आली. आईनं वाटी झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खाल्ली. आजींना ते कळलं. पुढच्या वर्षीपासून त्यांनी भिंतीवर कालनिर्णय लावलं आणि ईदनंतरच्या पहिल्या एकादशीला त्या खजूर पाठवायला लागल्या, उपासाला चालतो म्हणून. हे मला त्या आजींच्या सुनेनं सांगितलं. तेव्हा बाईंच्या श्रद्धेबद्दल त्यांच्या देवळातल्या माणसांना विचाराच, पण ज्यांचा देव वेगळा आहे त्यांनाही विचारा.

आणि श्रद्धेला तडा गेला असेल तर तेही लिहा. वडील गेले त्या वर्षी आई पालखीला दारात उभी राहिली नाही. दार लावून आत बसून राहिली. माळ काढली नाही, पण हरिपाठ बंद झाला. आम्ही काही विचारलं नाही. दिवाळीनंतर एका पहाटे अंधारातून पुन्हा आवाज आला. हे छापायचं की नाही यावर आमच्या घरात आठवडाभर वाद झाला. मामा नको म्हणत होते. शेवटी छापलं, आणि पुस्तक वाचून सर्वांत जास्त माणसं याच पानाबद्दल बोलली. दोन विधवा बायका तर त्यासाठी मुद्दाम घरी आल्या.

काय गाळायचं, काय नाही

दुसऱ्यांची गुपितं गाळा. कुणाचा बाप पिऊन यायचा, कुणाची फी आईनं भरली, कोणती मुलगी वळ घेऊन यायची, हे सगळं मुलाखतींत येतं. ती पोरं आता चाळिशीची आहेत, त्याच पेठेत दुकानं चालवतात. नाव न घालतासुद्धा गल्लीला कळतं. आम्ही अशा प्रत्येक प्रसंगाचं पान संबंधित माणसाला आधी वाचून दाखवलं. तिघांनी नको म्हटलं, ती तिन्ही काढली. वर्गाच्या जुन्या फोटोंतल्या मुलांनाही, सापडतील तेवढ्यांना, विचारून घ्या.

स्वतःच्या घरातलं मात्र गाळू नका. आईला पगार नव्हता, मानधन होतं, आणि ते किती थोडं होतं हे आम्ही आकड्यासकट छापलं. रविवारी ती लोहियानगरात घरोघरी जायची, न येणाऱ्या पोरांची चौकशी करायला, आणि मी घरी भावाला सांभाळत बसायचे. मला तिचा राग यायचा. बारा वर्षांची असताना मी तिला म्हटलं होतं, "तुला त्यांचीच पोरं आवडतात." ती पुढच्या रविवारी मला बरोबर घेऊन गेली. त्याचं उत्तर तिनं शब्दांत कधी दिलं नाही. हा प्रसंग माझ्या लेखात आहे.

लिहिणं आणि छापणं

प्रत्येकाला "लेख द्या" म्हणू नका. लेख म्हटलं की माणसं 'मायेची सावली' वगैरे लिहायला लागतात. मुलाखत घ्या आणि त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत उतरवा. 'लई', 'पोरगं', 'आमाला' असू द्या, शुद्ध करू नका. एकाला एक पान, फार तर दोन.

पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, कारण मध्ये पिना मारून पुस्तक करायचं तर कागद तसाच दुमडतो. ए-फाइव्ह आकार हातात धरायला बरा. आतला कागद ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा, न चकाकणारा कागद, मुखपृष्ठाला जाड आर्टकार्ड. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वाचणाऱ्यांत आज्या आहेत. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, आणि छापखाना तो दुसऱ्या जुन्या फॉन्टमध्ये घेणार असेल तर प्रत्येक जोडाक्षर पुन्हा तपासा. आमच्या पहिल्या प्रुफात, म्हणजे तपासायला दिलेल्या नमुन्यात, 'र्‍या' आणि 'क्ष' ठिकठिकाणी तुटले होते. प्रूफ स्क्रीनवर बघू नका, कागदावर मागा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागद बघायचा. दोन संध्याकाळी जातात, पण नावं चुकत नाहीत. नाव चुकलेलं माणूस आयुष्यभर विसरत नाही.

वेळेचा अंदाज द्यायचा तर माणसं गाठायला सहा महिने, लिहायला दोन, छपाईला एक. आम्ही छपाईला दोन आठवडे ठेवले होते, आणि त्या दोन आठवड्यांत कुणाला झोप मिळाली नाही.

वर्षश्राद्धाला भाषणं ठेवली नाहीत. जुन्या सतरंज्या टाकल्या, गोल करून बसलो, आणि ज्यानं सांगितलं होतं त्यानंच आपलं पान वाचलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं नातवंडांनी वाचलं. ओल्या डोळ्यांनी कुणी तरी ती कॅसेटवरची गाणी लावली, आणि तो सुतार शब्द येत नसताना सुरात सूर मिसळून गात होता.

शेवटची चार पानं कोरी सोडा. पुस्तक वाटल्यावरच खऱ्या आठवणी यायला लागतात, त्यांना जागा हवी.

एक प्रत बालवाडीला द्या. तिथल्या भिंतीला खालून दोन फूट काळा रंग आहे, आईनंच लावून घेतलेला, मुलांनी हवं ते गिरगटावं म्हणून. त्याच भिंतीजवळ, मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर, आम्ही पुस्तक ठेवलं. परवा जाऊन बघितलं तर आईच्या फोटोवर निळ्या खडूनं रेघोट्या होत्या आणि कोऱ्या पानावर कुणी तरी एक मोठा गोल काढला होता. नव्या बाई ओशाळून म्हणाल्या, दुसरी प्रत असेल तर द्या, ही खराब झाली. मी दिली नाही. तुम्हीही देऊ नका.